मोरांच्या चादरीचा लंगोट

सासरी येताना मी शिवणयंत्र घेऊन आले आणि त्या यंत्रावर पहिलं माप शिवलं ते एका मेंढ्याचं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या शिवणक्लासात आमच्या बाईंनी बाही, कॉलर, बाळाचं झबलं असं सगळं शिकवलं होतं. मेंढ्याचा लंगोट तेवढा राहून गेला होता. तो मी सासूबाईंच्या देखरेखीखाली शिकले, आणि खोटं कशाला बोलू, त्याच्याइतकं चोख बसलेलं कापड पुढे माझ्या हातून क्वचितच शिवून झालं.

आमचं घराणं मुळात मेंढपाळांचंच. पण आजोबा मेंढरं विकून सोलापूरला गिरणीत लागले, मागोमाग वडीलही. त्यामुळे मी मेंढरं पाहिली ती रस्त्याच्या कडेला उभी राहून, नाकाला रुमाल लावून. लग्न ठरताना मुलगा श्रीपूरच्या साखर कारखान्यात कामाला आहे, एवढंच आमच्या घरच्यांनी मन लावून ऐकलं. मुलगा तिकडे खोली करून राहतो, आठवड्याला घरी येतो आणि बायको गावी मेंढरांत राहते, हा पुढचा भाग कुणी विचारलाच नाही. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-चार वर्षं झाली होती. सोलापूरच्या नैऋत्येला, कोरडवाहू मुलखातल्या त्या घरात सासरे, सासूबाई, मी आणि मेंढरं असा संसार होता. त्यात मान कुणाला किती, ते आठवडाभरात कळलं.

सासूबाई अक्कलकोटकडच्या, पार कानडी मुलखाच्या शिवेवरच्या. माणसांशी त्या मराठी बोलत आणि मेंढरांशी कानडी. त्या ‘इल्ली बा’ म्हणाल्या, म्हणजे ‘इकडे ये’ म्हणाल्या, की सगळा कळप माना वर करून त्यांच्याकडे चालायला लागायचा. मला त्याची गंमत वाटायची. एकदा भाकरी थापता थापता मी म्हटलं, “आत्या, मलाही शिकवा की कानडी.”

“तुला कशापायी?” त्या म्हणाल्या. “कानडी म्हायेरच्या मान्सासंगं बोलायची असती.”

म्हणजे मेंढरं ही माहेरची माणसं आणि मी पेठेतली पाहुणी. मला राग आला. तो मी भाकरीवर काढला आणि ती भाकरी कडेला फाटली, तेवढंच.

पण त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. मेंढरं त्यांच्या माहेरचीच होती. लग्नात त्यांच्या वडिलांनी आंदण म्हणून काळ्या मेंढ्या दिल्या होत्या, आणि त्याच मेंढ्यांच्या लेकी-नाती आमच्या वाघरीत होत्या. वाघर म्हणजे मेंढरांना आत घ्यायचं जाळं. सगळी मेंढरं काळी, अंगावर पांढरा केस औषधालाही नाही. लोकर अशी राठ की पिंजताना माझे तळहात सोलपटून निघायचे. पण तिच्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली की पावसाचा थेंब आत यायचा नाही. दुष्काळानं हा कळप निम्म्याहून कमी केला. सासूबाईंच्या माहेरचा कळप तर पुरताच गेला, भाऊ कर्नाटकात कुठंतरी कामाला गेले आणि घराला कुलूप लागलं. त्या रक्ताचा नर एकच उरला होता, एक शिंग मोडलेला म्हातारा काळा मेंढा. त्याचा हा शेवटचा हंगाम, हे सगळ्यांना दिसत होतं. यंदा त्याची कोकरं झाली तर काळा वाण पुढं चालणार, नाहीतर संपला. सासूबाई वाघरीकडे बोट दाखवून म्हणायच्या, “माजं म्हायेर आता एवढ्यातच हाय बग.”

आणि नेमक्या त्याच ज्येष्ठात माझे चुलत सासरे पांढरा मेंढा घेऊन आले.

चुलत सासरे म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या पशुसंवर्धनाच्या सरकारी कचेरीत ते शिपाई होते आणि सगळ्या भावकीत साहेबांच्या वरचे होते. त्यांच्या खाकी सदऱ्याची इस्त्री एस.टी.तही मोडायची नाही. बोलताना दर वाक्यात ‘आमच्या ऑफिसात’ आलं नाही तर त्यांना घास गिळायचा नाही. पण माणूस मनाचा मोकळा. गावी यायचे तर कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. आणि यावेळी तर हातात दोर, दोराच्या टोकाला मेंढा.

“दादा, परदेशी रक्ताचा हाय,” ते ट्रकमधून उतरता उतरताच म्हणाले. “आमच्या ऑफिसात अर्ज किती आलते, म्हायती हाय का? सायेबांनी मला विचारलं, तुजा भाऊ नीट संबाळंल का? मी म्हनलं, माज्या जबाबदारीवर द्या. हंगामभर वापरा. कोकरं अशी व्हतील की लोकर कापसावानी!”

मेंढा देखणा होता, यात वाद नाही. पांढराशुभ्र, मानेवर वळ्या, नाक वर. आमच्या दारात उभा राहून त्यानं घर असं काही न्याहाळलं की मलाच पदर सावरावासा वाटला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे लांब उभ्या असलेल्या आपल्या काळ्या मेंढ्यांकडे पाहिलं. दिरानं आणलेली वस्तू परत कशी करायची? ती वस्तू चार पायांची आणि सरकारी असली तरी. त्यांनी त्याच्यासमोर पाण्याची बादली ठेवली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, “प्या पावनं.”

तेव्हापासून त्याला आमच्या घरात ‘पाहुणा’च म्हणत.

सासरे बोलायला कमी. नवीन जनावर आलं की तोंड, लोकर, शेपूट काही न बघता ते आधी खूर उचलून बघायचे. त्यांनी पाहुण्याचा पुढचा पाय उचलला, बेचक्यात बोट घातलं, बोट नाकाशी नेलं आणि भावाकडे पाहिलं.

“ह्यो लंगडतोय की.”

“परवासानं, दादा. ट्रकमदी अवघडलाय.”

“अवघडला न्हाय. सडलाय.”

खुरांच्या बेचक्यात सडण लागली होती. ही सडण चिखलातून एका जनावराच्या पायाहून दुसऱ्याच्या पायाला जाते. पाहुण्याला तिचं फारसं काही वाटत नव्हतं, नाक वर करून तो आपला थोडासा लंगडायचा. आमच्या मेंढ्यांना ती लागली असती तर निम्म्या जागेवर बसल्या असत्या. तशीही आमच्याकडे रीत होती की बाहेरून आणलेलं जनावर या अमावस्येपासून त्या अमावस्येपर्यंत कळपात सोडायचं नाही. त्या रीतीचा सासूबाईंना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. पाहुण्याची वाघर ओढ्याच्या बाजूला, कळपाच्या पाण्यापासून लांब लागली. त्याची बादली वेगळी आणि चाऱ्याची पाटीही वेगळी.

चुलत सासरे पुढच्या रविवारी पिशवीभर मोरचूद घेऊन आले. “आमच्या ऑफिसचं औशद हाय,” म्हणाले. जणू मोरचूद सात रस्त्यालाच पिकत होता. सासऱ्यांनी तेलाचे डबे कापून, सपाट करून त्यांचा उथळ हौद केला, तो वाघरीच्या तोंडाशी पुरला आणि त्यात मोरचुदाचं निळं पाणी भरलं. जो आत जाईल, जो बाहेर येईल, त्यानं त्यातून पाय बुडवून जायचं. मेंढी असो, माणूस असो. माझी नखं निळी पडली. मी पेठेत माहेरी गेले तेव्हा शेजारची तेलुगू मावशी म्हणाली, ही कुठली नवीन मेंदी? पण खरी मजा चुलत सासऱ्यांची झाली. त्या रविवारी ते पांढरेफेक कॅनव्हासचे बूट घालून आले होते. सासूबाई हौदाच्या पलीकडे उभ्या राहून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “भावजी, तुमच्याच ऑफिसचं औशद हाय न्हवं? या की.” बूट कायमचे निळे झाले. ते ऑफिसात तसेच वापरावे लागले असं मागाहून कळलं.

एवढा बंदोबस्त करून पाहुणा बरा होत आला, आणि मग आमच्या म्हाताऱ्या मेंढ्यानं घोळ घातला. ओढ्याच्या बाजूनं त्याला दुसऱ्या नराचा वास येत होता. त्याचा तो अपमान किती दिवस साठला होता कोण जाणे. एका सकाळी त्यानं उरल्या शिंगानं जाळं फाडलं आणि सरळ पाहुण्याच्या वाघरीत घुसला. दोघांच्या टकरी सुरू झाल्या. चिखल उडतोय, सासरे काठी घेऊन धावतायत आणि सासूबाई एकाला कानडीत शिव्या देतायत, दुसऱ्याला मराठीत. मराठीतल्या जास्त झणझणीत होत्या, एवढं मला कळलं. दोघं वेगळे केले तोवर म्हातारा पाहुण्याच्या चिखलात चांगला लोळून झाला होता.

आठवड्याच्या आत म्हाताऱ्याचा मागचा पाय गेला. खूर गरम, बेचक्यातून पाणी. मागचा पाय धड नसलेला मेंढा हंगामात कुणाच्या कामाचा? सासूबाईंचा चेहरा असा पडला की मला त्यांच्याकडे बघवेना. ऐन आषाढ, मेंढ्या माजावर आलेल्या. एक नर लंगडा होऊन बसलेला, आणि दुसरा ठणठणीत होऊन पलीकडून बघतोय. हा रोग आणला कुणी आणि भोगतंय कोण, असं म्हणून मी पाहुण्याला मारायला दगड उचलला. सासूबाईंनी हात धरला. “त्येचा काय दोस? त्यो काय आपल्या मनानं आलाय?”

मग रोज सकाळ-संध्याकाळ मी म्हाताऱ्याचा पाय मांडीवर धरायचा आणि सासूबाईंनी मोरचुदाच्या पाण्यात खूर धुऊन, सडलेलं खरवडून, हळद-तेल भरायचं. नाकाला रुमाल लावणारी मी, पण रुमाल धरायला तिसरा हात नव्हता. त्या त्याच्याशी सारखं कानडीत काहीतरी बोलायच्या. स्वतःच्या ताटातले भिजवलेले हुलगे त्याला चारायच्या. तो माझ्या लुगड्यावर करायचं ते सगळं करायचा. मला त्याची दया यायची, चीडही यायची, आणि तो पाय टेकायला लागावा असं मनापासून वाटायचं. हळूहळू तो टेकायला लागला. लंगडत का होईना, मेंढ्यांच्या मागं जायला लागला.

आता प्रश्न पाहुण्याचा. अमावस्या उलटली होती, पाय बरा होता. त्याला बांधून ठेवलं आणि चुलत सासरे रविवारी आले तर काय सांगायचं? आणि त्याला वेगळं चारायला न्यायचं तर सासरे एकटे. शेवटी सासऱ्यांनीच तोंड उघडलं. “पडदा बांदू.” मेंढ्याच्या पोटाखालून जाड कापड बांधायचं, म्हणजे तो कळपात हिंडेल, फिरेल, पण त्याच्या हातून काही घडणार नाही. मेंढपाळांची ही जुनी युक्ती. मला ती ऐकून पेठेतल्यासारखं लाजायला झालं. सासूबाईंनी मात्र माझ्या शिवणयंत्राकडे पाहिलं.

पहिला लंगोट सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा. तो पाहुण्यानं दुपारपर्यंत चिंधड्या करून आणला. दुसरा गोणपाटाचा. तो टिकला, पण त्यानं पाहुण्याचं पोट सोलून निघालं आणि तो केविलवाणं ओरडायला लागला. सासूबाईंना ते सहन होईना. म्हणाल्या, “पावना हाय. त्येला तरास नगं. आपल्या मेंढ्यास्नी हात लावू नगं, एवढंच हाय की आपलं म्हननं.” मऊ हवं, पण फाटायला नको, आणि धुतलं तरी टिकायला हवं. असं कापड घरात एकच होतं, आणि ते माझ्या पेटीत होतं.

ती माझ्या लग्नाच्या आहेरातली सोलापुरी चादर. चुलत सासऱ्यांनीच दिलेली. ते राहायचे त्या गल्लीतल्या एका तेलुगू विणकराच्या मागावरून त्यांनी ती स्वतः उभं राहून उतरवून घेतली होती. गर्द हिरवी, किनारीला पांढरे मोर, एकामागं एक. लग्नात त्यांनी ती सगळ्या मांडवाला उलगडून दाखवली होती. मी पेटी उघडली, चादर काढली, सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “न्हाय पोरी, ऱ्हाऊ दे. आहेर हाय त्यो.”

आता त्यांनी ‘दे’ म्हटलं असतं तर मी बहुधा दिली नसती. माझा स्वभावच तसा. ‘ऱ्हाऊ दे’ म्हणाल्या म्हणून कात्री लावली.

लंगोट नामी बसला. दोन्ही बाजूंनी बंद, पाठीवर गाठ, गळ्याकडून एक पट्टी, म्हणजे मागं सरकायला नको. मोर नेमके पोटाच्या दोन्ही बाजूंना आले. पाहुणा नाक वर करून कळपात हिंडू लागला आणि गावातली माणसं काम टाकून बांधावर बघायला येऊ लागली. कुणी मला विचारायचं, आमच्या बैलाला झूल शिवशील का? कुणी म्हणायचं, नवऱ्याचा सदरा तरी शिवलास का गं अजून? पाहुण्याला काही कळत नव्हतं. तो एखाद्या मेंढीजवळ जायचा, धडपडायचा, मग आकाशाकडे बघत उभा राहायचा. ती मेंढी तोवर लंगड्या म्हाताऱ्याकडे गेलेली असायची. हे बघून सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

आणि मग मी तो लंगोट धुतला.

आता कापड आहे, घाण झालं, तर धुणार नाही का माणूस? शुक्रवार पेठेत वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? त्याला असा दर्प यायला लागला होता की वाऱ्याची दिशा पाहून जेवायला बसावं लागायचं. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. सासरे कळप ओढ्याला पाजून झाडाखाली बसले होते. मी जाऊन बंद सोडले, लंगोट ओढ्यावर दगडाला घासघासून स्वच्छ धुतला आणि बाभळीवर वाळत घातला. हिरवा रंग कसा खुलून आला! मी कौतुकानं बघत उभी राहिले. उलट्या दिशेला कळपात काय चाललंय ते बघायचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सासूबाई बाजारातून आल्या. त्यांनी बाभळीवरचे मोर पाहिले. मग पाहुण्याकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच आकाशाकडे बघत नव्हता, अगदी शांत रवंथ करत बसला होता. सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

“कोन मेंढी?” एवढंच त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी दाखवली. कपाळावर भोवरा असलेली, सगळ्यात चांगली लोकर देणारी. सासूबाई माझ्याशी पुढं कितीतरी दिवस फक्त कामापुरतं बोलल्या. मीही फुगले. एकीकडे आहेर फाडून दिला ते कुणी बोलत नाही, आणि एक दुपार कापड वाळत घातलं तर जन्माचं वैर! पण मेंढीची पाच महिन्यांची वाट, म्हणजे कोकरं होईपर्यंत कुणाचं काय झालंय ते कळायचं नाही. एकीचं पोट खात्रीनं पाहुण्याचं. बाकीच्यांची पोटं म्हाताऱ्याची की कुणाचीच नाहीत, हेही कळायचं नाही, कारण लंगड्या पायानं त्याला कितपत जमलं कोण जाणे. सासूबाई रोज प्रत्येकीच्या पोटाखालून हात फिरवून बघायच्या आणि कुणाला काही सांगायच्या नाहीत.

दिवाळीला चुलत सासरे अचानक आले. एरवी ते येणार असले की एस.टी. दिसल्याबरोबर मी पाहुण्याला पाणी पाजायच्या निमित्तानं कळपातून लांब नेऊन लंगोट सोडून लपवायची. यावेळी ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले आणि थेट माळावर उतरले. पाहुणा समोरच उभा. बाजूनं मोर.

चुलत सासऱ्यांनी आधी मेंढ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे.

“सूनबाई,” ते म्हणाले, “ही चादर...”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाई पुढं झाल्या. “गारठा लई पडलाय की, भावजी. सरकारी जनावर. पोटाला थंडी लागली तर जबाबदारी तुमच्यावर यायची, म्हनून...”

ऊन मी म्हणत होतं. चुलत सासऱ्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. ते दगडावर बसले.

“वैनी, मी बी धनगराच्याच पोटचा हाय. पडदा कशाला बांदत्यात ते मला सांगताय?” मग त्यांचा आवाज बदलला. “पुसात सायेब येनार हायेत कोकरं बगायला. नोकरी लागल्यापास्नं पैल्यांदा सायेबांनी माजं ऐकलं हुतं. आता काय दावू त्येंना? ह्ये मोर?”

त्यांच्या पायात तेच निळे बूट होते. मला एकदम फार वाईट वाटलं. त्या माणसाची इतके महिने मी मजा केली होती, आणि तो आमच्या भल्यासाठीच एवढी खटपट करत होता.

सासूबाई त्यांच्यासमोर बसल्या. “भावजी, तुमी चांगल्यासाटी आनला. पर माज्या म्हायेराचं हितं एवढंच ऱ्हायलंय. तितं आता कुलूप हाय. ही बी पांढरी झाली तर मी कुटं जाऊ?”

“मग आदीच का न्हाय बोलला?”

“तुमी आनलासा म्हनून.”

चुलत सासऱ्यांनी एकदा काळ्या मेंढ्यांकडे पाहिलं. मग पाहुण्याच्या पाठीवरची सैल झालेली गाठ त्यांनी उठून स्वतःच्या हातानं घट्ट केली आणि म्हणाले, “बंद बारीक झालेत, सूनबाई. जरा रुंद लाव.”

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी म्हातारा मेंढा गेला. पायानं नाही, वयानं. सकाळी वाघरीत बसल्या जागी मान टाकून होता. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओढ्याच्या काठी खड्डा करायला लावला. त्या रडल्या नाहीत, मी रडले. इतके दिवस त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागल्या.

मग कोकरं व्हायला लागली. पहिलं काळं. दुसरं काळं. सासूबाई प्रत्येक कोकराला ओलं असतानाच उजेडात धरून उलटंपालटं करून बघायच्या. काळं, पुन्हा काळं. लंगड्या म्हाताऱ्यानं जाता जाता आपलं काम चोख केलं होतं. प्रत्येक कोकरागणिक सासूबाईंचं वय उतरत होतं. सगळ्यात शेवटी कपाळावर भोवरा असलेली मेंढी व्याली. कोकरू पांढरं, कानाला आणि गुडघ्यांना तेवढे काळे ठिपके, नाक जन्मतःच वर.

सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं. “धर. ही तुजी धुलाई.”

आणि गंमत बघा, त्याच धुलाईनं चुलत सासऱ्यांची अब्रू राखली. साहेब आले तेव्हा चुलत सासऱ्यांनी ते एकच कोकरू दोन्ही हातांवर घेऊन असं काही पुढं केलं की साहेबांनी बाकीच्या काळ्या गर्दीकडे पाहिलंच नाही. “वा, काय लोकर आहे!” साहेब म्हणाले. “बाकीची?” “हळूहळू व्हतील, सायेब,” चुलत सासरे म्हणाले. “आमच्या हितल्या मेंढ्या लाजाळू हायेत.” सासऱ्यांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायच्या निमित्तानं घरात गेले ते साहेब जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

पाहुणा त्याच ट्रकमधून दुसऱ्या गावी गेला. सासूबाईंनी त्याला भाकरी चारली, कुंकू लावलं, आणि मला म्हणाल्या, “त्यो लंगूट दे भावजींकडं. पुढच्या गावच्या बाईला उपेगी पडंल.” मी तो धुऊन, इस्त्री करून दिला. पांढरं कोकरू चुलत सासऱ्यांना भेट गेलं. विणकरांच्या गल्लीतल्या त्यांच्या खोलीपुढे ते बांधलेलं असायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, परदेशी रक्ताचं हाय.

काळ्या कोकरांची पहिली कातरणी झाली. त्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात, ती सगळ्यात मऊ. सासूबाईंनी ती कुणाला हात लावू दिली नाही. स्वतः पिंजली, स्वतः कातली, विणकराच्या दारात बसून घोंगडी विणून घेतली, वर चिंचोक्याची खळ दिली. मला वाटलं त्या स्वतःसाठी करतायत, किंवा लेकासाठी. श्रावणात एका सकाळी त्यांनी ती घडी माझ्या शिवणयंत्रावर आणून ठेवली.

“आंदनाचा कळप लेकीला जातू,” त्या म्हणाल्या. “मला लेक न्हाय. भोवरेवालीसकट समद्या काळ्या तुज्या. आन् ही घोंगडी. तुजी चादर ग्येली न्हवं.”

मी घडी छातीशी धरून उभी राहिले. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “येवडी मातर धुऊ नगंस.”

त्या वाघरीकडे गेल्या. मी डोळे पुसून भाकरीच्या पिठाला हात घातला. थोड्या वेळानं माळावरून त्यांची हाक आली, “इल्ली बा!” मी दारातून पाहिलं. सगळ्या मेंढ्यांनी माना वर केल्या होत्या आणि त्यांच्याकडे चालायला लागल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना काठीनं बाजूला सारलं आणि घराकडे बघून पुन्हा हाक मारली. मी मागं वळून बघितलं, आणखी कोण आहे ते.

“त्यास्नी न्हाय,” सासूबाई ओरडल्या. “तुला!”